मथुरेचा कौल

आचरा,
१२ मार्च १९६६

प्रिय हिरा,

तुझं पत्र परवा मिळालं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल बांगड्यांची टोपली घेऊन मासळीबाजारात बसले, गिऱ्हाईक भाव विचारतंय आणि मी आपली मासळीवर पाणीच शिंपडतेय. शेवटी शेजारची आनंदी खेकसली, गो सुगंधा, ध्यान खंय आसा तुझा? ध्यान कुठे असणार? तिकडे मुंबईच्या इस्पितळात, तुझ्या मथुरेच्या खाटेपाशी.

सात वर्षांची पोर, डोक्यात गाठ, त्यावर रोज ते किरणांचं यंत्र, आणि आता वर हे नवं औषध. तू लिहितेस, यंत्राखाली ती एकटी निजते, हलत नाही, रडत नाही; पण औषध सुरू झाल्यापासून तोंड आलंय, पेजसुद्धा पोटात ठरत नाही. वाचून मी पदर तोंडात कोंबला. गेल्या वर्षी हीच मला बघून नाक धरायची, मावशे, तुझ्या अंगाक म्हावऱ्याचो वास येता म्हणायची. शिरा पडो त्या गाठीवर!

इकडे बरं आहे. तुझी कोंबडी अंड्यांवर बसली. गुणाजी भावोजींची आगबोट एडनला लागली असं शेजारचा लवू सांगत होता. आपल्या मुलीचं त्यांना अजून काहीच ठाऊक नसेल. बघ, मी पुन्हा भलतीकडेच चालले.

महिन्यापूर्वी तू लिहिलंस, नुसत्या किरणांनी अशी मुलं फार दिवस काढत नाहीत, म्हणून डॉक्टर सोबत हे औषध देऊन बघतायत. गुण येईलच असं नाही, तेच त्यांना पाहायचंय. औषध मध्येच नको म्हटलं तरी किरण चालूच राहतील. आणि पुढे तुझेच शब्द: घरधनी दर्यावर, मी एकटी कशी ठरवू? देवाला विचार, उजवा कौल आला तरच औषधाच्या कागदावर सही करीन.

मी देवळात गेले. बाबू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणावर पाकळ्या लावल्या. मी डोळे फाडून बघत होते. हिरा, डावी पाकळी पडली. डावी गो, देव नको म्हणाला! बाबूने हातावर तीर्थ घातलं. मी तडक पोस्टात गेले आणि मास्तरांकडून तार करवली, उजवा कौल, सही कर. खोटी तार! आपल्यात कौल मोडत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण डावा म्हटलं तर पोर हातची जाईल, एवढंच डोक्यात होतं.

हे मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं. पण तू लिहिलंस, डॉक्टर विचारतायत औषध थांबवायचं का, आणि तू नाही म्हणतेस. देवाचा शब्द मोडला तर पोरीचं वाईट होईल, म्हणून तिचे हात दाबून धरतेस आणि औषध पाजतेस. हिरा, तो शब्द देवाचा नव्हता, माझा होता. आणि आता डावा कौल ऐकून, घाबरून उद्याच थांबवू नकोस. पोर तुझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्याकडे बघ, डॉक्टरांना खोदून खोदून विचार, आणि तू ठरव. देवाचं काय ते मी निस्तरीन. माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण माझ्या तारेपायी तिचे हात धरू नकोस गो.

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
सुगंधा