विसातली एक

४ मार्च १९७४
सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यात धागा फार तुटतो. कारण शोधायचं काम माझ्याकडे. खात्यात वीस बाया. प्रत्येकीचे तुटलेले धागे महिनाभर मोजले. आता एकेकीच्या आकड्यांची संख्याशास्त्रीय चाचणी. आकड्यांना नातेवाईक नसतात.

७ मार्च
एकोणीस जणी सुटल्या. जनाबाई सापडली. कसोटी पाच टक्क्यांची. म्हणजे निर्दोष बाई सापडण्याची शक्यता शंभरात फक्त पाच. मॅनेजर भैय्याजींनी प्रथमच मला बसायला सांगितलं.

९ मार्च
जनाबाईला घरी बसवलं. अकरा वर्षांची नोकरी. गेटवर तिनं विचारलं, काहून जी साहेब, माह्या हाताले का झालं? मी चाचणी समजावली. ती म्हणाली, वीस जणींच्या चिठ्ठ्या टोपल्यात टाकल्या असत्या, तरी एक निघालीच असती.
शिक्षण नसलं की गैरसमज होतात.

१० मार्च, रविवार
शंभरात पाच म्हणजे विसात एक. मी वीस जणींना तपासलं. सगळ्या निर्दोष असत्या, तरी एखादी सापडण्याचाच संभव जास्त. पाचाला विसानं भागून कसोटी कडक करायला हवी होती. आज केली. जनाबाई सुटते.
हे मला बी.एस्सी.लाच शिकवलं होतं. उद्या भैय्याजींना लेखी कळवणार.

११ मार्च
नोट लिहिली. भैय्याजी कामात होते. चहा पीत होते. तेही कामच.

१५ मार्च
नोट टाइप केली. 'चूक' खोडून 'पुनर्विचार' घातलं. पुन्हा टाइप करावी लागेल.

२० मार्च
जनाबाईच्या जागी नवी बाई. धागा जास्तच तुटतो. इतक्या थोड्या दिवसांवरून निष्कर्ष काढू नये.
सौ.ने विचारलं, घास हातात धरून काहून बसून राहिले? सांगितलं सगळं. म्हणाली, मग सांगून द्या ना साहेबाले, तोंड आहे ना?
तिला ऑफिसची पद्धत माहीत नाही.

२७ मार्च
मला कायम केलं. पत्रात जनाबाईच्या चाचणीचा खास उल्लेख. आज नोट देणं बरं दिसलं नसतं. सोमवारी नक्की.

१ एप्रिल, सोमवार, सकाळी १०
नोट घेऊन गेलो. केबिनच्या दारात जनाबाई. तिला परत घेतलं आहे. नव्या बाईला गाठ मारता येईना, म्हणून. भैय्याजी म्हणाले, हात चांगला आहे तिचा, तुमचा कागद काही का म्हणेना.
मग विचारलं, हातात काय आहे?
मी म्हटलं, रजेचा अर्ज.
न वाचताच म्हणाले, घ्या दोन दिवस.
बाहेर पडताना जनाबाईनं माझ्यासाठी दार धरलं.