ओली कामं, कोरडी कामं आणि विश्वाचा तोल

३ जून
आजपासून कादंबरी. फँटसी. एकीकडे श्वेतराज्य, दुसरीकडे कृष्णराज्य. पण कोणी सरळसोट चांगलं नाही की वाईट नाही. प्रकाशात अंधाराचा ठिपका, अंधारात प्रकाशाचा. यिन आणि यांग! ताओवादावरचं पुस्तक निम्मं वाचून झालंय. उरलेलं निम्मं न वाचणं हा समतोलच.

बायकोला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात लॅबप्रमुखाची जागा मिळालीये. एक जुलैला हजर व्हायचंय. मी विमा कंपनीत (सध्या बिनपगारी रजेवर, साहित्यासाठी). आमची शाखा तिथेही आहे. बदलीचा अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचा, चार ओळींचा. तू येणार ना, असं तिने विचारलं. म्हटलं, बघू. माझा नायकही असंच म्हणतो.

५ जून, सकाळी
बायको म्हणाली, ती जाईपर्यंत तरी घरकाम वाटून घेऊ. तत्काळ मान्य. शास्त्रशुद्ध वाटणी केली. ओलं ते यिन, कोरडं ते यांग. स्वयंपाक, भांडी, कपडे, फरशी ही ओली कामं तिच्याकडे. पेपर वाचणं, घड्याळाचे सेल बदलणं, बेल वाजली की दार उघडणं माझ्याकडे. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या कोण घालणार, असं तिने विचारलं. म्हटलं, आधी ते पुरते वाळलेत का ते बघावं लागेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. तत्त्वज्ञान पचायला वेळ लागतो.

९ जून
दुसऱ्या प्रकरणात अडचण. नायकाने एक गाव वाचवलं. तोल सांभाळायचा तर दुसरं बुडायला हवं. बुडवलं. मग त्याने एका म्हातारीला वाचवलं, तर मला एक धडधाकट म्हातारा मारावा लागला. शेवटी नायकाला म्हटलं, बाबा रे, तू आपला झाडाखाली बस. चाळीस पानं बसलाय. कुणाच्या केसालाही धक्का नाही.

अर्ज उद्या.

१२ जून
संपादकबाईंना पानं पाठवली होती, त्यांचा फोन. म्हणाल्या, काहीच घडत नाही हो. म्हटलं, तेच तर! याला 'वू-वेई' म्हणतात. आपण मध्ये लुडबुड न करता गोष्टी होऊ द्यायच्या. त्या म्हणाल्या, मग वाचकसुद्धा लुडबुड न करता पुस्तक दुकानातच राहू देतील. बाईंना विनोदबुद्धी आहे, खोली नाही.

बायकोला हे सांगितलं. हसली नाही. अर्जाचं काय झालं, विचारलं. म्हटलं, नदी काय अर्ज करून समुद्राला मिळते? वाक्य इतकं झकास जमलं की लगेच नायकाच्या तोंडी घातलं.

१६ जून
कृष्णराज्याची राणी लिहिली. शांत, सोशीक, सगळं पोटात घालणारी. अस्सल यिन. पानं टेबलावर मुद्दाम उघडी ठेवली होती. बायकोने वाचली आणि म्हणाली, "गप्प बसायचं, दुसऱ्याने पुढ्यात ठेवलेलं घ्यायचं, स्वतःहून हलायचं नाही. मग या घरात यिन कोण आहे?"

किती उथळ वाचन! तरी खबरदारी म्हणून राणीला तलवार दिली.

२० जून
अर्जाची शेवटची तारीख. लिहायला बसलो, तोच झाडाखालच्या नायकाला काहीतरी सुचायला लागलं. त्याला तसाच टाकून उठू? दुपारी जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा ऑफिस बंद झालं होतं. मन कसं हलकंफुलकं झालं! बायकोला म्हटलं, बघ, निर्णय आपोआप झाला. ती नुसतं 'हं' म्हणाली. आदळआपट नाही, रडारड नाही. तिलाही ताओ कळायला लागलाय.

२४ जून
मेव्हणा टेम्पो घेऊन आला. बायकोची कपाटं रिकामी झाली. घर कसं मोकळं वाटतंय. खरा उपयोग रिकामेपणाचाच, हे मेव्हण्याला समजावत होतो. तो म्हणाला, भाऊजी, जरा बाजूला व्हा, टेबल जाऊ दे.

३० जून
बायको गेली. बसपर्यंत सोडायला गेलो. बॅगा तिनेच घेतल्या, कारण मी विचारात होतो. दूर राहून जवळ असणं हाही विरोधांचा मिलाफच, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तब्येतीला जप.

काळजी नाही. कुठलीही गोष्ट टोकाला गेली की उलटी फिरते. महिन्याभरात दमून परत येईल.

२८ जुलै
नाही दमली. कादंबरीची एक ओळ झालेली नाही. राणी तलवार घेऊन कुठे गेली, तेही आठवत नाही.

रजा संपली, ऑफिसात गेलो. साहेबांना गाठून बदलीचं विचारलं. म्हणाले, तिथली जागा अजून भरलेली नाही, खास बाब म्हणून करू. उभ्या उभ्या अर्ज लिहून दिला. धापा टाकत घरी येऊन बायकोला फोन लावला. म्हटलं, येतोय. पुढच्या आठवड्यात. तुझ्यावाचून करमत नाही. इतकं सरळ मी तिच्याशी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. खरं होतं ते.

ती म्हणाली, "नको येऊस. इथे मला झोप लागते."

तिने विचारलं, जेवलास का. हो म्हटलं. जेवलो नव्हतो. मग तिची झोपायची वेळ झाली, म्हणून फोन ठेवला.