पाठकोऱ्या कागदावरचा आकडा

४ नोव्हेंबर १९८२

कागद मिळाले! हे एवढे रुंद, दोन्ही कडांना भोकंच भोकं. एका अंगाला मशीनचं छापलेलं, दुसरं अंग कोरं. कस्तुरा म्हणाली, "टाकाऊ हायत आजी, लिही मनसोक्त." माझी नात कंपनीच्या कॉम्प्युटर खोलीत आहे — सगळ्या चाळीत अशी एकच! मी साठी उलटल्यावर प्रौढवर्गात अक्षरं गिरवली आणि ही मशीनला शिकवते.

आज गुरुवार, कंपनी बंद, म्हणून तिला धरून बसवली. करतेस तरी काय गं? म्हणाली, लायब्ररी करते. म्हटलं, पुस्तकं कुठंयत? "पुस्तकांची न्हाई गं! छोट्या छोट्या करामती एकदा लिहून ठेवायच्या, मग ज्याला लागंल त्यानं उचलायच्या." म्हणजे मसाल्याचा डबाच की! आणि ह्या डब्यातून निघतं काय? तर म्हणे, रँडम.

मी म्हटलं, बये, घरात शिव्या नकोत!

ज्योतीराम, म्हणजे तिचा बाप, माझा थोरला, चहा सांडेपर्यंत हसला. रँडम म्हणजे पुढं काय येणार त्याचा माग लागत नाही असा आकडा.

८ नोव्हेंबर

कशासाठी ते आज कळलं. कंपनीला मंदी. रंगखात्यातल्या एकशेवीस माणसांतली चाळीस कमी करणार. एरवी मागून आला तो आधी जातो. पण हे खातं उघडलं तेव्हा सगळे एकाच दिवशी चिकटले. आमचा ज्योतीराम आणि शेजारच्या मंजुळाबाईचा कोंडीराम तर एकाच सायकलवर डबलसीट गेले होते! मग पुढचा कोण नि मागचा कोण?

साहेब म्हणाले, चिठ्ठ्या काढू. युनियनचे सोपानराव म्हणाले, "चिठ्ठी दुमडणारे हात आमाला ठावं हायत!" शेवटी मशीननं निवडायचं ठरलं. आणि मशीनला सांगायचं कस्तुरानं. ती नको नको म्हणाली, माझा बाप यादीत आहे. पण दुसरं कुणाला येतंय?

 रात्री कालवण खारट झालं होतं, तरी सगळ्यांनी पुसून खाल्लं.

१२ नोव्हेंबर

कस्तुरा मशीनला सांगायचं ते भोकं पाडून लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं घेऊन जाते, मशीन ती नापास करून परत देतं. काल तर एकाच माणसाला दोनदा काढलं म्हणे. ज्योतीराम म्हणाला, "एकदा पुरं हाय की, राव."

१६ नोव्हेंबर

बसली! लायब्ररी मशीनमध्ये कायमची बसवली. खरी यादी घालून चालवून पाहिली, चाळीसच्या चाळीस निघाले, एकही दोनदा नाही. मी विचारलं, कोण कोण निघाले? "ती नुसती तपासणी गं. मी यादी वाचलीच न्हाई, टाकून दिली."

आधी मशीनला एक आकडा द्यावा लागतो, त्याला म्हणतात बी. त्यातून बाकीचे उगवतात. तेच बी दिलं तर तेच पीक, त्याच क्रमानं. त्यात नवल काय? ज्वारी पेरली तर ज्वारीच येणार. सोपानरावांनी अट घातली, बी कस्तुराकडून नको, कामगारांच्या आयांपैकी कुणीतरी सगळ्यांसमोर सांगायचं.

१९ नोव्हेंबर

कुणाच्या आईनं, हे ठरवायला मडक्यात चिठ्ठ्याच टाकल्या! माझं नाव आलं. जरा कुजबुज झाली. तर मंजुळाबाईच उठली, "म्हातारीला काय कळतंय मशीनमधलं? बोलू द्या की तिला!" चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, मला कुणी सभेत बोलायला सांगितलं नव्हतं. इरकल काढून ठेवलं आहे. कस्तुरानं कागदांचा नवा गठ्ठा आणला.

२५ नोव्हेंबर

कँटीन गच्च भरलं होतं. सोपानराव म्हणाले, "आजी, सहा आकडी काय बी सांगा." मी ठरवूनच गेले होते. चौदा, दहा, छप्पन्न. नागपूरला दीक्षा घेतली तो दिवस. ज्योतीराम संगं होता, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्या दिवशी मी मान वर करून चालले, ती अजून खाली घातली नाही. ह्याच्याहून चांगला आकडा कुठला?

कस्तुराचं तोंड उतरलं. म्हणाली, "आजी, दुसरा सांग." सोपानराव गरजले, "न्हाई! बोलला त्यो बोलला!"

मला राग आला. चारचौघांत आजीचा आकडा नाकारते!

२७ नोव्हेंबर

यादी फाटकावर लागली. ज्योतीरामचा बिल्ला ४१७, तो नाही. वाचला! कोंडीरामचा ३८२. तो आहे.

साखर वाटावी असं वाटलं आणि लाज वाटली. भिंतीपलीकडे भांडी पोत्यात भरल्याचा आवाज येतो. महाळुंग्याला भावाकडे जाणार म्हणे. मंजुळाबाई माझ्याकडे बघत नाही.

२९ नोव्हेंबर

लिहायला नवा कागद घेतला, सहज उलटा केला. वर १४१०५६. खाली चाळीस आकडे. ३८२ आहे. ४१७ नाही. तारीख सोळाची, सोडतीच्या आधीची.

३० नोव्हेंबर

कस्तुरा रडली. "तपासणीला मला तरी दुसरा कुठला आकडा सुचणार होता, आजी? तू बोललीस तवाच वळखला. पण कोण विश्वास ठेवंल? म्हणतील, आजी-नातीनं मिळून बापाला वाचवलं."

ज्योतीराम म्हणाला, "आये, चुलीत घाल."

चूल पेटलेलीच होती. तासभर कागद मांडीवर घेऊन बसले. कुणी लबाडी केली नाही. पण कोंडीरामचं नाव सोळा तारखेलाच गेलं होतं आणि त्याची आई एकोणीसला माझ्यासाठी उभी राहिली. मान खाली घालायची म्हातारपणी? ह्या ओळी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. संपल्या की सोपानरावांकडे नेऊन देते. दोन्ही अंगं वाचू देत.

२ डिसेंबर

परत सोडत झाली. आकडा मंजुळाबाईनं सांगितला — तिचा नवरा गेला त्या दिवसाचा. चांगला दिवस नको म्हणाली.

३८२ पुन्हा आला. ४१७ पण आला.