कंदील आणि रंगाची टाकी

ती. दादांना,

गुडघे कुरकुरत असले तरी साष्टांग नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? वहिनी काढा देतात तो पिता, की कुंडीत ओतता? (मागच्या खेपेला जास्वंद वाळलेली दिसली, म्हणून विचारलं.)

इकडे देवाच्या कृपेने ठीक आहे, फक्त अंगावर एक पद आलं आहे. बावीस वर्षं रंगाच्या कारखान्यात भांडार सांभाळलं, आणि गेल्या महिन्यात मालकांनी मला पर्यावरण व सुरक्षेचा प्रमुख केलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं. (गुरुजींच्या छडीचे उपकार इतक्या उशिरा अंगाशी येतील असं वाटलं नव्हतं.) सांडपाण्याची जमिनीखालची टाकी साफ करायला दोन माणसं उतरणार होती. त्यांनी आधी काय पाहावं, याची पाटी मी लिहायची होती.

पण खात्रीची माहिती आणायची कुठून? मोबाइलवर सात जणांनी सात उपाय सांगितले, त्यातल्या एकाने तर लिंबूपाण्यावरच भागवलं. सरकारी कचेरीतला कारकून म्हणाला, सगळं संकेतस्थळावर आहे. संकेतस्थळावर लिहिलं होतं, कचेरीत चौकशी करावी. कपाटातलं नियमांचं पुस्तक माझ्याआधी वाळवीने वाचून संपवलं होतं.

मग तुम्ही आठवलात. विहीर उपसायच्या सकाळी तुम्ही काठावर पालथे पडून कंदील हळूहळू खाली सोडायचात आणि मी तुमचे पाय धरून बसायचो. त्या उजेडात शेवाळ दिसायचं, पारव्याचं घरटं दिसायचं. ज्योत मंदावली की तुम्ही म्हणायचात, "आज विहीर नको म्हणतेय." आणि कुणाचंही न ऐकणारे बाबा मुकाट्याने कमरेचा दोर सोडायचे. तेवढी भरवशाची माहिती मला आयुष्यात पुन्हा कुणी दिली नाही.

तेव्हा मी पाटीवर ठसठशीत लिहिलं: आधी पेटता कंदील सोडावा, विझल्यास उतरू नये. मालक खूश झाले. म्हाताऱ्या फिटरने मात्र चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली. "भांडारवाले, अक्षर मोत्यासारखं आहे. पण या टाकीत थिनर जातं. कंदील राहील बाजूला, कारखानाच उडेल." मग त्याने मला एका पिंपाजवळ नेलं आणि माझी नंबराची चिठ्ठी नखाने सोलली. खाली ज्वाळेचं चित्र आणि सगळे नियम छापलेले होते. बावीस वर्षं प्रत्येक पिंपावर मी चिठ्ठी नेमकी तिथेच चिकटवत आलो, कारण तिथे ती छान बसायची.

पाटी पुसली. टाकीत दोन दिवस हवा खेळवली, वायू मोजायचं यंत्र आणलं, मग माणसं उतरली आणि, देवाची दया, वरही आली.

तुमचा,
धाकटा

ता. क. आपल्या कंदिलाबद्दल फिटरला विचारलं. तो म्हणाला, श्वासापुरती हवा आहे की नाही एवढंच तो सांगतो, विषारी वायूत खुशाल जळत राहतो. म्हणजे इतकी वर्षं आपल्याला देवानेच सांभाळलं.

ता. क. २. वहिनींचा फोन आला होता. महिनाअखेरीला तुम्ही एकटेच विहिरीत उतरणार आहात आणि कंदील घासून ठेवलाय, असं कळलं. दादा, तुम्हाला "उतरू नका" म्हणण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही, म्हणून हे एवढं लांबण लावलं. यंत्र मागून घेतलं आहे. मी येईपर्यंत थांबा. पाय धरायला कुणीतरी हवंच.

ता. क. ३. दोर शोधू नका. तो कुठे आहे ते वहिनी सांगणार नाहीत, मीच त्यांना तसं बजावलंय.