पूजेच्या तबकातल्या लाल चिठ्ठ्या

अप्पा, आज ऑफिसात मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. पेपरवेट गडगडत खाली गेला, शिपाई दारातून डोकावला, आणि आमचे साहेब, ज्यांचा आवाज बारा वर्षांत कधी चढलेला मी ऐकला नाही, शांतपणे म्हणाले, "मॅडम, कॉफी सांगू का?" तुम्ही असतात तर हसला असतात. म्हणाला असतात, पोर आईवर गेली. तळहात अजून झणझणतोय आणि राग काही केल्या उतरत नाही. आई आता ऐकायच्या पलीकडे गेलीय, कानानंही आणि मनानंही, त्यामुळे हा राग घेऊन जायला मला तुमच्याशिवाय जागा नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी अणुवीजकेंद्रात आहे. तुमच्या वीजघरात कोळसा जळायचा, आमच्याकडे काजळी नाही, कपडे पांढरे राहतात. बाकी पाणी उकळा, वाफ करा, चाक फिरवा, आणि जन्मभर गळती शोधत बसा, हे अगदी तुमच्यासारखंच. सकाळी एग्मोर स्टेशनाहून आमची बस सुटते. माझ्या खात्याचं नाव सुरक्षा, म्हणजे बाकीचे काम करतात आणि मी त्यांना अडवते, असं बाकीच्यांचं मत. केंद्र आता थकत चाललंय. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्ला, पॅनेलवरचे निम्मे दिवे उगाच लागतात नाहीतर लागतच नाहीत, आणि दुरुस्तीच्या वेळी पंपाच्या स्विचला कुलूप घालायच्या ज्या कड्या होत्या त्या गंजून गळून पडल्या. कुलूप नाही म्हणून आता नुसती लाल चिठ्ठी दोऱ्यानं अडकवायची: माणूस काम करतोय, चालू करू नका. नव्या कड्या आणि कुलपं मी तीन वर्षं मागतेय. उत्तर ठरलेलं, पुढच्या शटडाउनला बघू. शटडाउन येतं, जातं, कड्या येत नाहीत. दिवसातून चार वेळा मी चिठ्ठ्या तपासत फिरते म्हणून माझं नाव पडलंय 'सीट्टु अम्मा', चिठ्ठीवाली बाई. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणतात.

चिठ्ठीचं वेड तुम्हीच लावलंत. मी नऊ वर्षांची आहे, आयुधपूजेचा दिवस आहे, घरच्यांना त्या एका दिवशी वीजघर बघायला आत सोडतात. सगळी यंत्रं धुऊनपुसून, चंदनाची बोटं ओढून, कुंकू लावून उभी आहेत. दारात कुंकू भरून कोहळा फोडलेला, त्याच्या लाल फोडी पायाखाली येतात. एका मोठ्या व्हॉल्व्हवर कळकट चिठ्ठी लोंबकळतेय आणि पूजेला ती बरी दिसत नाही म्हणून कुणीतरी तिच्याकडे हात नेतो. तुम्ही पलीकडून ओरडता, "कैय वैक्कादे!" हात लावू नको. मग तुम्ही मला आपल्या दक्षिणी मराठीत जवळ बोलावता, "हिंग ये गं," आणि माझ्या बोटानं त्या चिठ्ठीलाच कुंकू लावता. "ह्याच्या मागं मनुष्य अहे. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. देव आला तरी." घरी येऊन मी आईला सांगितलं की अप्पांनी कागदाची पूजा केली. आई कॉफी गाळत होती, ती इतकी हसली की फिल्टरचं झाकण खाली पडलं.

यंदाच्या आयुधपूजेला आमच्या पंपघरातही सगळं धुतलं, पुसलं. चार पंपांतला तीन नंबरचा दुरुस्तीला काढला होता, त्याच्या स्विचवर लाल चिठ्ठ्या होत्या. त्या पूजेपुरत्या काढल्या गेल्या आणि तबकात, चंदनाच्या वाटीशेजारी ठेवल्या गेल्या. आरती झाली, गोड पोंगलाचा प्रसाद वाटला, चिठ्ठ्या परत बांधल्या गेल्या, आणि बांधल्या गेल्या चार नंबरवर. दोन्ही स्विच शेजारी शेजारी, नंबरांवर चंदनाचे पट्टे. दोन दिवसांनी सुटी संपवून फिटर आला. तीन नंबर बंद आहे हे त्याला पक्कं माहीत, त्यानंच बंद करून घेतला होता, तो खाली बसून कामाला लागला. वर ऑपरेटरनं पाहिलं, तीनवर चिठ्ठी नाही, पाणी कमी पडतंय, त्यानं पंप चालू केला. फिटरचा हात त्या क्षणी कपलिंगमध्ये, मोटार-पंपाच्या फिरत्या जोडात, असायचा. चहावाला आला होता म्हणून त्यानं तो ग्लास घ्यायला बाहेर काढला होता. आत राहिलेला पाना भिंतीवर जाऊन आपटला. मी पोचले तेव्हा फिटर जमिनीवर बसून तोच चहा पीत होता. तिथल्या भिंतीचा पोपडा अजून तसाच आहे. मी रोज जाऊन बघते.

"ओण्णुम आगलैये, मॅडम," साहेब तेव्हाही म्हणाले, आजही म्हणाले. काही झालं नाही ना! रक्त नाही, हाड नाही, एक पाना वाकला. लिहून पाठवलं की वरून चौकशी, चौकशी आली की कागद, आणि कागदांनी कुणाचं भलं झालंय? मी म्हटलं, जे थोडक्यात टळलं तेच लिहायचं असतं, कुणी मेल्यावर काय लिहिणार, श्रद्धांजली? ते म्हणाले, "बरं, लिहू या. पण मग पंप चालू करणाऱ्याचं नाव लिहावं लागेल. त्याला रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत. डाग घेऊन घरी जाईल." तेव्हा मी हात आपटला. म्हटलं, "लिहा. खरं लिहा, नावानिशी लिहा." त्या ऑपरेटरच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आलेय, अप्पा.

नावानिशी लिहिणं हेही तुमच्याचकडचं. मी चौदा वर्षांची असताना तुम्ही चुकून भलताच व्हॉल्व्ह बंद केलात, बॉयलरचं पाणी उतरलं, तुमच्याच ध्यानात आलं आणि तुम्ही निस्तरलंत. कुणी पाहिलं नव्हतं. तरी पाळीच्या नोंदवहीत तुम्ही लिहिलंत, माझ्या हातून झालं. ओली केली की जांभळं उमटणाऱ्या त्या पेन्सिलीनं लिहिलंत, जी खोडायला गेलं तर आणखी पसरते. तुमच्या खालच्या ओठावर तिचा डाग कायम असायचा. त्या वर्षी तुमची बढती तुमच्या हाताखालच्याला मिळाली. मोठं क्वार्टर गेलं. स्वयंपाकघरात आई आमटीला फोडणी देता देता रडत होती, "कोणी पाहिलं नव्हतं की! कशाला लिहिलांत?" आणि मी, तुमची लाडकी, तिच्या बाजूनं उभी राहून म्हणाले, "अप्पा, तुम्हाला व्यवहार कळत नाही." तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "पुढल्या पाळीला येतो त्यालाही घर अहे," एवढंच बोललात आणि ताक मागितलंत. मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस तुमच्यासमोर आले नाही. माफी मात्र मागितली नाही, ती राहूनच गेली. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा इतरांच्या वडलांनी घड्याळं दिली. तुम्ही ती पेन्सिल दिलीत, निम्मी झिजलेली. मी हिरमुसले होते, ते तुम्हाला दिसलंही असेल.

आता हे सांगते, कारण इथवर आलेच आहे. मी हात आपटल्यावर साहेबांनी कॉफी मागवली, आणि मग अगदी साधेपणानं विचारलं, "पण चिठ्ठ्या काढल्या कुणी?" मी म्हटलं, "पाळीतल्या लोकांनी." त्या मी काढल्या, अप्पा. पंपघरात सगळे जमले होते, मला दारात रांगोळीचा कोलम काढायला लावला, दिवा लावायला लावला, आणि तो फिटरच हसत म्हणाला, "हे नेऊ का बाजूला? नको, तुम्हीच काढा, सीट्टु अम्मा तुम्ही!" पहिल्यांदा ते नाव कुणी माझ्या तोंडावर, प्रेमानं घेतलं होतं. सगळे हसले, मीही हसले. मला फार बरं वाटलं. मी दोरे सोडले, चिठ्ठ्या तबकात ठेवल्या, आणि पूजा झाल्यावर पोंगलानं चिकट झालेल्या बोटांनी, शेजारच्या बाईशी बोलत बोलत, परत बांधल्या. तुमचा आवाज त्या वेळी मला ऐकू आला नाही. खोटं कशाला बोलू, मी तो ऐकलाच नाही. सगळ्यांना तो प्रकार आठवतो आहे. फिटरनं माझं नाव घेतलेलं नाही, पण तो माझ्याकडे बघायचं टाळतो.

रिपोर्टाचा मसुदा माझ्यासमोर आहे, सोमवारी टायपिंगला जाईल. पंप कुणी चालू केला, ते नाव लिहून झालंय. चिठ्ठ्या कुणी सोडल्या, कुणी बांधल्या, तिथं मी जागा मोकळी ठेवलीय. कुलपं दिली असती तर हे झालंच नसतं, हे मी तीन वेळा लिहिलंय आणि ते खरंही आहे. तुमची पेन्सिल टेबलाच्या खणात डब्यात आहे, अजून चांगली चार बोटं उरलीय. हे पत्र मी तिनं लिहिलेलं नाही, अप्पा. साध्या पेन्सिलीनं लिहिलंय.