थॉर्नवेलची एकशे चौसष्ट झाडं

७ जानेवारी २०२५, मंगळवार

नाहीत! १७६८च्या नकाशात ती झाडं नाहीत!

स्कॅन आज सकाळी आला. थॉर्नवेलच्या आवाराची नव्यानं आखणी करायला तेव्हाच्या मालकानं जो माणूस बोलावला होता, त्यानं स्वतः काढलेला नकाशा. तळं आहे, हरणांचं कुरण आहे, घरासमोर गुरं अडवायला खणलेला खोल चर आहे. पण फाटकापासून घरापर्यंत जाणारी लिंडनची दुहेरी रांग, जिच्यासाठी थॉर्नवेल ओळखलं जातं, तिचा पत्ता नाही.

तीन महिने झाले, इंग्लंडमधल्या एका जमीनदारी घराच्या आवाराचा इतिहास लिहितेय — अर्धं जग अलीकडे, तांजोंग पगारमधल्या ऑफिसात चौदाव्या मजल्यावर बसून. तिथे एकदाही गेलेली नाही. घर विकत घेणारे मालक इथले, म्हणून काम आमच्या ऑफिसकडे आलं. जुने नकाशे, विमानातून केलेली लेझर पाहणी आणि मिस्टर हॅरॉप. एवढंच भांडवल.

९ जानेवारी

आमचे चार, त्यांचे सकाळचे आठ. मि. हॅरॉप कॅमेऱ्यासमोर टाय लावून बसलेले. वय एकोणऐंशी, थॉर्नवेलचे निवृत्त हेड माळी. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. आधी वडील तिथे माळी, त्याआधी आजोबा.

आज आजोबांची वही दाखवली. एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरत होते. १८९७, नोव्हेंबर — चार माणसं, अकरा दिवस, रांगेत लिंडन लावली. त्यांना इतका अभिमान! म्हणाले, ही वही आजवर कुणी मागितली नव्हती. तुम्हाला उपयोग होईल ना? म्हटलं, खूप होईल.

म्हणजे रांग सव्वाशे वर्षांची. सगळे म्हणतात तशी तीनशेची नाही.

रात्री घरी जेवताना उज्ज्वलला सांगितलं. इंग्रजीत त्या झाडाला लाइम म्हणतात, तर हा म्हणाला, लिंबाची झाडं एवढी उंच? हसून हसून ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी हसले.

१३ जानेवारी

मि. हॅरॉपनी बारा झाडांचे घेर मोजून पाठवले. गवत ओलं, गुडघे दुखतात, म्हणून फाटकाजवळचीच बारा. घेर सव्वाशे वर्षांच्या झाडाचे असावेत तसेच. सगळं जुळलं.

१६ जानेवारी

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं — ही रांग बहुधा १८९७ साली लावलेली आहे. चारुदत्त सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"'बहुधा' कशाला?"

"सर, एकशे चौसष्टपैकी बाराच मोजलीत. कुणाला तरी पाठवून आतल्या बाजूची काही झाडं तपासून घेऊ."

"चायनीज न्यू इयरच्या आधी रिपोर्ट जायचाय. नकाशात नाहीत, वहीत आहेत, घेर जुळतात. क्लायंटला ठाम उत्तर हवंय, प्रियदर्शिनी."

मग म्हणाले, तुझ्या इथल्या नोकरीच्या पासच्या रिन्यूअलचे कागद मार्चमध्ये पाठवतोय. तेवढंच. धमकी नव्हती. आवाजही नेहमीचाच. पण माझ्या कानाला ती दोन वाक्यं एकाला एक लागून आली.

जागेवर येऊन तो शब्द काढला.

२६ जानेवारी, रविवार

पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. जाताना बमबोटमध्ये, त्या छोट्या लाकडी होडीत, अवनी माझ्या खांद्यावर झोपली, बारा वर्षांची झाली तरी. बेटाच्या टोकाला, चेक जावाला, तो जुना इंग्रजी बंगला आहे, भिंतीतल्या शेकोटीसकट. या उकाड्यात शेकोटी! मी बराच वेळ बघत उभी राहिले. अवनी कंटाळली — "मम्मा, इट्स जस्ट अ हाउस लाह."

जायलाच नको होतं. मूड नव्हताच माझा.

२६ मार्च

पास रिन्यू झाला. दोन वर्षं. अवनीची शाळा सुटणार नाही. उज्ज्वलनं सेरंगूनच्या मॉलमधून केक आणला. मी आंघोळीला म्हणून गेले आणि नळ सोडून रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून असेल.

१९ जून

परवानगी मिळाली. तिथल्या कौन्सिलनं रांग तोडायला परवानगी दिली. थॉर्नवेल लग्नांसाठी भाड्यानं देणार आहेत, त्यासाठी रुंद रस्ता आणि पार्किंग. निर्णयात लिहिलंय, ही रांग मूळ आखणीचा भाग नाही, १८९७ची आहे, सबब विशेष महत्त्व नाही.

'ही रांग १८९७ साली लावलेली आहे.' माझंच वाक्य. जसंच्या तसं उचललंय.

मला माहीत नव्हतं, हे खरं. पण रिपोर्ट कशासाठी हवाय हे मी विचारलं नव्हतं, हेही खरं.

२० जून

मि. हॅरॉपना फोन करायचा होता. केला नाही.

२४ जून

त्यांनीच केला. टाय नव्हता. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. घरट्यांचा हंगाम आहे, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत हात लावणार नाहीत म्हणाले.

"वही मी तुम्हाला दाखवली," म्हणाले.

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली की नाही, कळलं नाही.

"तुम्ही ती झाडं कधी पाहिलीत का?"

"नाही."

"जुलैत फुलतात. खाली उभं राहिलं की मधमाश्यांमुळे बोललेलं ऐकू येत नाही."

फोन ठेवला.

२५ जून

चारुदत्त सरांना म्हटलं, आपण कौन्सिलला लिहू, आणखी तपासणी हवी म्हणून. रिपोर्ट आता क्लायंटचा आहे, आपल्याला तो अधिकार नाही, म्हणाले. मी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. ड्राफ्टमध्ये ठेवलं. चार वेळा उघडलं.

उज्ज्वल म्हणाला, तू खोटं काही लिहिलंस का? म्हटलं, नाही. मग झालं तर, म्हणाला.

खरंच, खोटं तर नाहीच लिहिलं.

२ जुलै

पत्र अजून ड्राफ्टमध्येच.

१३ ऑक्टोबर

आज तिथे करवती सुरू झाल्या असतील. दिवसभर दुसऱ्या एका फाइलमध्ये डोकं घालून बसले. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. चारला बघितलंच.

१८ ऑक्टोबर

संपलं. क्लायंटनं आभाराचा मेल पाठवलाय, सगळ्या टीमला. माझं नाव पहिलं.

मि. हॅरॉपचं काही नाही. मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं. दोष देणारं एक अक्षर नाही, नुसते आकडे. भिंग घेऊन ते तोडलेल्या बुंध्यांवरची वयाची वलयं मोजत गेलेत, रोज थोडी. फाटकाजवळची बारा — एकशे पस्तीसच्या आसपास. ती आजोबांची. मेलेल्या झाडांचे खुंट खणून त्यांच्या जागी लावलेली. त्यापुढची मोजली ती सगळी तीनशेच्या वर. तीनशे चार. तीनशे नऊ. तीनशे सहा.

१७६८चा तो नकाशा म्हणजे आवार कसं होतं ते नव्हे, आखणी करायला आलेल्या त्या माणसाला ते कसं करायचं होतं ते. त्याला रांग तोडायची होती. तेव्हाच्या मालकानं तोडू दिली नाही.

मी दिली.