वळवलेला बाण

धाकटीस आशीर्वाद.

हे तिसरं पत्र. आधीची दोन रंगाच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत. हेही तिथेच जाईल, मी स्वतःला ओळखतो.

समुद्राकाठच्या पायवाटांवर फिरायला येणाऱ्यांसाठी दगडांवर पांढरे बाण काढायचं काम माझं. कड्यावरच्या तुझ्या चहाच्या टपरीकडे जाणारा बाणही माझाच. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालीस, "आमच्या दादाचे बाण आणि गुडघे, दोन्ही वाकडे!" सगळे हसले. मीही हसलो, पण डोक्यात राख घालून खाली उतरलो आणि तो बाण पुसून खालच्या वाटेकडे काढला. चार दिवसांनी परत फिरवीन म्हटलं. फिरवला नाही.

गिऱ्हाईक आटलं. तू विचारलंस, "दादा, खरं सांग, माझ्या हातची चव गेली का रे?" मी खाली बघत म्हणालो, "वय झालं आपलं." तू टपरी बंद करून लेकीकडे गेलीस. जावई सांगत होते, तिथे तू चहाच्या भांड्याला हातसुद्धा लावत नाहीस.

काल बाण पुन्हा तुझ्याकडे वळवला आणि तुझ्या बंद दाराशी बसून राहिलो. थोड्या वेळाने दोघी जणी धापा टाकत वर आल्या. "बाबा, इथे चहा मिळतो ना?"

"मिळायचा," मी म्हणालो. "फार चांगला मिळायचा."

परक्यांना किती पटकन सांगता आलं बघ.

तुझा वाकडा
दादा